मालकाचा मेडिक्लेम कोण भरतो?

यंत्रमागाच्या एखाद्या कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असले की मालकाला ईएसआयसी लागू होते. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येक कामगारामागे मालक वेतनाच्या ३.२५ टक्के रक्कम भरतो, ०.७५ टक्के कामगाराच्या पगारातून कापली जाते. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. शिवाय तो आजारी पडून घरी बसला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. ही सगळी चलने दर महिन्याला ज्याच्या खात्यातून भरली जातात, त्या मालकाला मात्र यातले काहीही लागू नाही. तो कामगार नाही, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो विमित नाही.

कारखानदाराची ही गत असेल, तर एकट्याने धंदा करणाऱ्यांचे काय, हे सांगायला नको. रिक्षावाले, शिंपी, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताई, क्लास घेणारे सर, फॅब्रिकेशनवाले, मंडप-डेकोरेशनवाले, फिजिओथेरपिस्ट, वकील, घरून डिझाइनची कामे करणारी मुले-मुली या सगळ्यांना कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नाही, पगारी रजा नाही, एचआर विभाग नाही. नोकरदार आजारी पडला तर दवाखान्याचे बिल येते. स्वयंरोजगारी माणूस आजारी पडला तर बिल येतेच आणि त्याच काळात गल्लाही बंद होतो. त्यामुळे आरोग्य विम्याची गरज सर्वांत जास्त याच वर्गाला आहे. सरकारने करकायद्यात या विम्यासाठी काय ठेवले आहे, त्यातले आज हाती किती पडते आणि ते पदरात कसे पाडून घ्यायचे, हे या प्रकरणात पाहू.

८०डी म्हणजे काय?

१९८६ हे वर्ष भारतातल्या आरोग्य विम्यासाठी महत्त्वाचे. त्या वर्षी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही पॉलिसी बाजारात आणली. ती इतकी रुळली की आजही कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८०डी घातले. विमा आणि त्यावरची करवजावट अशा बरोबरच जन्माला आल्या. पुढे २००८ मध्ये आई-वडिलांच्या हप्त्यासाठी वेगळी मर्यादा आली, २०१२ मध्ये प्रतिबंधात्मक तपासणीचा समावेश झाला, २०१५ मध्ये सर्वसाधारण मर्यादा १५ हजारांवरून २५ हजारांवर गेली आणि २०१८ मध्ये ज्येष्ठांची मर्यादा ५० हजार झाली.

आजचा हिशेब असा. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा होते. यांपैकी कोणी ६० वर्षे पूर्ण केलेले असेल तर मर्यादा ५० हजार. आई-वडिलांसाठी हप्ता भरला असेल तर त्याची स्वतंत्र मर्यादा आहे: ते साठीच्या आतले असतील तर २५ हजार, साठी ओलांडलेली असेल तर ५० हजार. म्हणजे चाळिशीतल्या माणसाचे आई-वडील ज्येष्ठ असतील तर एकूण वजावट ७५ हजारांपर्यंत जाते. स्वतःच साठीपुढे असून आई-वडीलही हयात असतील तर ती एक लाखापर्यंत पोचते. वर्षभरात केलेल्या रक्ततपासण्या, ईसीजी अशा प्रतिबंधात्मक तपासणीचे पाच हजार रुपयेही याच मर्यादेत बसतात. ते वरचे नाहीत, आतलेच आहेत.

वजावट म्हणजे तेवढा कर वाचला असे नव्हे. ७५ हजारांची वजावट घेतली तर करपात्र उत्पन्न ७५ हजारांनी कमी होते. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह वाचतात १५,६०० रुपये. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ३,९०० वाचतात आणि ज्याला करच लागत नाही त्याचा एक रुपयाही वाचत नाही. पुढचे सगळे गणित याच गोष्टीभोवती फिरते.

आई-वडील चालतात, सासू-सासरे नाहीत

८०डीमध्ये सर्वांत जास्त गफलती नात्यांच्या बाबतीत होतात. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. वडिलांना पेन्शन असली, त्यांचा स्वतःचा व्यवसाय असला, तरी त्यांच्या विम्याचा हप्ता तुम्ही तुमच्या खात्यातून भरला तर वजावट तुमची. उलट हप्ता वडिलांनी त्यांच्या पेन्शनमधून भरला असेल, तर तो मुलाच्या विवरणपत्रात दाखवता येत नाही. ज्याने पैसे भरले त्याचीच वजावट. दोन भावांनी मिळून आई-वडिलांचा हप्ता भरला असेल तर प्रत्येकाला आपापल्या वाट्याची रक्कम घेता येते, फक्त दोघांच्याही खात्यातून तेवढी रक्कम गेलेली दिसली पाहिजे.

सासू-सासरे या कलमात नाहीत. भाऊ-बहीण नाहीत, काका-काकू नाहीत. ज्या घरात नवरा-बायको दोघेही कमावतात तिथे याचा अर्थ सरळ आहे. नवऱ्याने त्याच्या आई-वडिलांचा हप्ता भरावा आणि पार्लर किंवा क्लास चालवणाऱ्या बायकोने तिच्या आई-वडिलांचा. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या आई-वडिलांसाठी वजावट मिळत नाही असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. कायदा 'अपत्य' एवढेच पाहतो, मुलगी सासरी नांदते का हे विचारत नाही.

बरेच जण हप्ता थोडा कमी बसतो म्हणून आई-वडिलांना आपल्याच फॅमिली फ्लोटरमध्ये घालतात. विमा म्हणून तिथे अडचण अशी की संपूर्ण पॉलिसीचा हप्ता सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयावरून ठरतो आणि वर्षाच्या सुरुवातीलाच वडिलांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले तर मुलांसाठीची रक्कमही त्यातच संपते. करासाठीही एकाच हप्त्यातला कोणाचा वाटा किती, हे वेगळे दाखवावे लागते. ज्येष्ठांची पॉलिसी वेगळी काढलेली बरी.

आई-वडिलांना मधुमेह, हृदयविकार असल्याने कोणतीच कंपनी पॉलिसी देईना, किंवा हप्ता ऐकूनच बेत सोडून द्यावा लागला, अशी घरे कमी नाहीत. त्यांच्यासाठी याच कलमात एक तरतूद आहे, ती फार कमी लोक वापरतात. साठीपुढच्या ज्या व्यक्तीचा आरोग्य विमाच नाही, तिच्या औषधोपचारांवर प्रत्यक्ष झालेला खर्च ५० हजारांच्या मर्यादेत वजा करता येतो. डॉक्टरांची फी, दरमहा लागणारी औषधे, तपासण्या सगळे धरता येते. मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत आणि बिले जपलेली असावीत. मेडिकल दुकानात आईच्या गोळ्यांचे पैसे यूपीआयने द्या आणि बिल आईच्या नावाने मागा. एवढी सवय लावली तरी वर्षाअखेरीस कागद तयार असतात.

रोखीचा हप्ता म्हणजे गेलेली वजावट

तालुक्याच्या गावी अजूनही एजंट दुकानात येतो, चहा होतो, गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या जातात आणि एजंट स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन हप्ता भरून टाकतो. पॉलिसी चालू राहते, क्लेमलाही सहसा अडचण येत नाही, पण वजावट धोक्यात येते. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला तर ८०डी लागू होत नाही. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक तपासणीचा, ती रोखीने चालते.

विमा कंपनी दर वर्षी हप्त्याचे प्रमाणपत्र देते. त्यावर तीन गोष्टी वाचा. हप्ता भरणाऱ्याचे नाव कोणाचे आहे? पैसे कोणत्या मार्गाने भरलेले दिसतात? आणि ८०डीसाठी पात्र म्हणून कोणती रक्कम लिहिली आहे? ही पात्र रक्कम एकूण हप्त्यापेक्षा कमी असू शकते. पॉलिसीला जोडलेला वैयक्तिक अपघात विमा ८०डीत बसत नाही, गंभीर आजारांचा विमा बसतो. दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर तो तितक्या वर्षांत समान विभागून घ्यायचा असतो. ६० हजार एकरकमी भरून तीन वर्षांचे संरक्षण घेतले तर दर वर्षी २० हजार. विवरणपत्रात आता विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही भरावा लागतो, त्यामुळे अंदाजे आकडा टाकून मोकळे होण्याचे दिवस संपले.

व्यापारी घरांत एचयूएफची वेगळी फाइल असते. हिंदू अविभक्त कुटुंबालाही सदस्यांच्या आरोग्य विम्यासाठी ८०डीची वजावट आहे. पण एकच हप्ता वैयक्तिक फाइलमध्येही आणि एचयूएफमध्येही दाखवता येत नाही.

मालकाचा विमा धंद्याचा खर्च नाही, कामगारांचा आहे

'मी आजारी पडलो तर धंदाच बंद, मग माझा मेडिक्लेम धंद्याचाच खर्च नाही का?' हा प्रश्न सीएला हमखास विचारला जातो. व्यवहारात तो रास्त आहे, पण कायद्यात एकल मालकी असलेल्या व्यवसायाचा मालक आणि व्यवसाय वेगळे नसतात. मालकाचा स्वतःचा आणि घरच्यांचा विमा हा वैयक्तिक खर्च ठरतो. तो नफा-तोटा पत्रकात टाकता येत नाही, त्याची जागा ८०डीतच.

कामगारांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ईएसआयसी लागू नसलेल्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाने आपल्या चार कारागिरांचा आरोग्य विमा उतरवला आणि हप्ता रोखीखेरीज अन्य मार्गाने भरला, तर तो कलम ३६(१)(आयबी) खाली धंद्याचा खर्च म्हणून मान्य होतो. करप्रणाली नवी असो की जुनी, तो वजा होतो. मात्र तुम्ही ४४एडी किंवा ४४एडीएखाली अनुमानित नफा दाखवत असाल, तर त्या टक्केवारीत सगळे खर्च धरलेलेच असतात आणि हा खर्च वेगळा मागता येत नाही. करात काही मिळो न मिळो, वेल्डिंगच्या ठिणग्यांत दिवस काढणाऱ्या पोराचा विमा उतरवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. काम करताना दुखापत झाली की पहिला फोन मालकालाच येतो.

दोन करप्रणाली आणि हरवलेली वजावट

इथवरचे सगळे नियम एका वाक्याने बाजूला पडू शकतात: नव्या करप्रणालीत ८०डी नाही.

२०२० च्या वित्त कायद्याने कलम ११५बीएसी आणून कमी दरांची पण जवळजवळ वजावटींविना अशी दुसरी प्रणाली दिली. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली. तुम्ही काहीच सांगितले नाही तर तुमचा कर नव्या पद्धतीनेच मोजला जातो आणि तेव्हा ७५ हजारांचा हप्ता भरलेला असो की शून्याचा, करात फरक पडत नाही.

वर्ष २०२५-२६ चे दर पाहा. नव्या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढे प्रत्येक चार लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांपुढे ३० टक्के. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एखाली ६० हजारांपर्यंतचा रिबेट मिळून कर शून्य होतो. शेअर विक्रीतल्या भांडवली नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला हा रिबेट लागत नाही. जुन्या प्रणालीत साठीखालच्या व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. तिथला रिबेट पाच लाखांपर्यंतच. दोन्हींवर चार टक्के उपकर.

आता एक हिशेब मांडू. समजा, फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांचे वय ४२ आहे आणि करपात्र धरायचा नफा ९ लाख रुपये. घरात पत्नी, दोन मुले आणि साठी ओलांडलेले आई-वडील. स्वतःच्या कुटुंबाचा हप्ता २४ हजार आणि तपासणीचे एक हजार, आई-वडिलांचा हप्ता ४६ हजार आणि तपासणीचे चार हजार. ८०डीची पूर्ण ७५ हजारांची वजावट झाली. एलआयसी आणि मुलांच्या शाळेची फी मिळून ८०सीखाली एक लाख.

जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न उरते ७ लाख २५ हजार. त्यावर कर ५७,५०० आणि उपकर धरून ५९,८०० रुपये. ८०डी नसती तर ७५,४०० भरावे लागले असते, म्हणजे विम्याने १५,६०० वाचवले. आता नव्या प्रणालीचा आकडा. नऊ लाखांवर कर येतो ३० हजार, तो रिबेटमध्ये पूर्ण जातो, भरायचे शून्य. पंधरा हजार वाचवण्याच्या समाधानात साठ हजारांचा कर भरण्यात अर्थ नाही. निव्वळ उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्या स्वयंरोजगारी व्यक्तीला आज ८०डीचा करापुरता तरी उपयोग राहिलेला नाही.

१२ लाखांच्या वर गेल्यावर मात्र कागद-पेन घेऊन बसावे लागते. जुनी प्रणाली किमान बरोबरीत येण्यासाठी १५ लाखांच्या उत्पन्नावर सुमारे ५ लाख ३७ हजारांच्या वजावटी हव्यात, २० लाखांवर सुमारे ७ लाख ८ हजारांच्या, आणि २४ लाखांपुढे ७ लाख ७५ हजारांच्या. नोकरदाराला इथे घरभाड्याच्या भत्त्याची मोठी मदत होते. स्वयंरोजगारी व्यक्तीला तो भत्ता नाही. भाड्याच्या घरासाठी ८०जीजी आहे, पण तिथे महिन्याला पाच हजारांवर जाता येत नाही.

तरीही काही घरांत जुनी प्रणाली सरस ठरते. १५ लाख उत्पन्नाची एक सल्लागार घ्या. राहत्या घराच्या कर्जाचे व्याज दोन लाख, ८०सी दीड लाख, एनपीएसचे जादा ५० हजार, ८०डी ७५ हजार आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलासाठी ८०डीडीखाली सव्वा लाख. एकूण सहा लाख. जुन्या प्रणालीत कर उपकरासह ९६,२००, नव्यात १,०९,२००. इथे जुनीत १३ हजार वाचतात. यातून ८०डीचे ७५ हजार काढले तर जुन्या प्रणालीतला कर १,११,८०० होतो आणि पारडे नव्या बाजूला झुकते. अशा घरात प्रणाली कोणती घ्यायची हे आरोग्य विमाच ठरवतो.

व्यावसायिकाला परतीचा रस्ता एकदाच

नोकरदार दर वर्षी विवरणपत्र भरताना हवी ती प्रणाली निवडू शकतो. यंदा जुनी, पुढच्या वर्षी नवी, मग पुन्हा जुनी. ज्याला व्यवसायाचे किंवा पेशाचे उत्पन्न आहे त्याला ही मोकळीक नाही. २०२५-२६ या वर्षासाठी त्याला जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. मुदत टळली आणि उशिराचे विवरणपत्र भरले, तर नवी प्रणालीच लागू होते. हप्त्याची सगळी प्रमाणपत्रे फाइलमध्ये असली तरी उपयोग होत नाही.

जुन्या प्रणालीत गेलेला व्यावसायिक पुढे कधीतरी नव्या प्रणालीत येऊ शकतो, पण एकदाच. त्यानंतर व्यवसायाचे उत्पन्न चालू आहे तोवर जुनी प्रणाली पुन्हा मिळत नाही. म्हणून हा निर्णय एका वर्षाच्या आकड्यांवर घेऊ नये. घराचे कर्ज किती वर्षांत फिटणार, आई-वडिलांचे वय काय, मुलांची शिक्षणे कधी सुरू होणार, उत्पन्न चढते आहे की उतरते, हे सीएसमोर बोलून, तीन-चार वर्षांचा अंदाज मांडून मगच फॉर्म भरावा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या प्रणालीत आरोग्य विम्याची वजावट नव्या आकड्याखाली कायम आहे. लोकांच्या तोंडी 'एटी डी' हेच नाव बसले आहे आणि ते बरीच वर्षे राहील.

घरात मोठे दुखणे असेल तर

जुन्या प्रणालीत असणाऱ्यांनी ८०डीच्या शेजारची कलमेही पाहावीत. कॅन्सर, किडनी निकामी होणे, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांसारख्या ठरावीक आजारांवर स्वतःसाठी किंवा अवलंबून असलेल्यांसाठी खर्च केला, तर ८०डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विमा कंपनीने दिलेली रक्कम त्यातून वजा करावी लागते. घरातल्या अपंग व्यक्तीसाठी ८०डीडी आणि स्वतःच्या अपंगत्वासाठी ८०यू आहे. या दोन्हींत ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे इथे मोजले जात नाही, वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र मात्र हवे.

वजावट कोणापर्यंत पोचते?

अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत. एक वजावटीची. नफ्याच्या मर्यादेत स्वतःच्या आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा संपूर्ण हप्ता उत्पन्नातून वजा होतो. दुसरी क्रेडिटची. २०१४ पासून सरकारी विमा बाजारातून पॉलिसी घेणाऱ्या, उत्पन्नाच्या ठरावीक टप्प्यातल्या कुटुंबांना हप्त्याचा काही भार सरकार उचलते. ही रक्कम दर महिन्याला थेट विमा कंपनीकडे जाऊ शकते आणि वर्षाअखेरीस खऱ्या उत्पन्नाशी तिचा मेळ घातला जातो. उत्पन्न अंदाजापेक्षा जास्त झाले तर क्रेडिट परत करावे लागते. कमीजास्त कमाई असलेल्या स्वयंरोजगाऱ्याला तिथे ही मोठी डोकेदुखी असते. तिकडे व्यवसाय करणाऱ्या मराठी मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. पण क्रेडिटचा एक गुण मोठा आहे. ज्याला कर लागत नाही त्याच्यापर्यंतही ते पोचते.

आपल्याकडे अशी वाट नाही. ८०डी त्यालाच उपयोगी, ज्याला पुरेसा कर लागतो आणि जो जुन्या प्रणालीत आहे. भाजी विकणारी बाई, टेम्पो चालवणारा तरुण यांच्यासाठी सरकारी योजना आहेत: आयुष्मान भारत, राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा. २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळण्याची सोय झाली. आई-वडील सत्तर ओलांडलेले असतील तर त्यांचे कार्ड आजच काढून घ्या आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हेही आधीच पाहून ठेवा.

सर्वांना सारखा मिळालेला एक दिलासाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण माफ झाला. कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी आणि ज्येष्ठांची पॉलिसीही त्यात आली. मूळ हप्ता २० हजार असेल तर पूर्वी २३,६०० भरावे लागत, ते ३,६०० आता लागत नाहीत. करप्रणाली कोणतीही असो, कर लागो वा न लागो, हा फायदा हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

तरीही दोन गोष्टी सरकारने करायला हव्यात असे मला मनापासून वाटते. २५ हजारांची मर्यादा २०१५ पासून आणि ज्येष्ठांची ५० हजारांची २०१८ पासून हललेली नाही. त्यानंतर औषधे, शस्त्रक्रिया, रुग्णालयाच्या खोल्या आणि विम्याचे हप्ते किती वाढले, हे प्रत्येक घराला माहीत आहे. या मर्यादा वाढवाव्यात. आणि नव्या प्रणालीत निदान आरोग्य विम्याच्या हप्त्याला जागा द्यावी. ज्याच्या मागे कोणी मालक उभा नाही, त्याने स्वतःच्या उपचारांची तरतूद स्वतः केली तर त्याचा उद्याचा भार सरकारी रुग्णालयावर येत नाही.

हप्त्याची तारीख हंगामाला बांधा

कर वाचवायचा म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने पॉलिसी घेतली जाते. एजंट प्रस्तावाच्या अर्जात सगळीकडे 'नाही' लिहून सही घेतो. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे राहून जाते आणि क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येते. आधीपासूनच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लावता येतो. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. खरे लिहून तीन वर्षे वाट पाहिलेली परवडते.

यातला कळीचा शब्द 'सलग' हा आहे आणि स्वयंरोजगाऱ्याची खरी अडचण तिथेच येते. वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती चुकली की पॉलिसी तुटते आणि प्रतीक्षा काळ पहिल्यापासून सुरू होतो. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार येतो. धंद्याचा पैसा हंगामाने येतो. मूर्तिकाराचा गणपतीत, मंडप आणि केटरिंगवाल्यांचा लग्नसराईत, कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्यांचा मे महिन्यात, कापड दुकानदाराचा दिवाळीत. म्हणून पॉलिसी घेतानाच तिची तारीख अशी पाहा की नूतनीकरण हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यात येईल आणि हातात पैसा असतानाच हप्ता जाईल. एवढा मोठा हप्ता एकदम जमणार नसेल तर मासिक हप्त्याची सोय विचारा. तिथे सवलतीची मुदत १५ दिवसांची असते, म्हणून बँकेतून आपोआप कापले जाण्याची व्यवस्था करा. गल्ला बंद राहण्याचे नुकसान साध्या मेडिक्लेममध्ये भरून येत नाही. त्यासाठी गंभीर आजाराचे निदान होताच ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी जोडीला घेता येते आणि जुन्या प्रणालीत तिचा हप्ताही ८०डीत बसतो.

म्हणजे क्रम असा ठेवा. आधी घरातल्या प्रत्येकासाठी पुरेसे संरक्षण ठरवा, मग हप्ता बँकेतून भरा, मग प्रमाणपत्रे जपा आणि शेवटी दोन्ही प्रणालींचा कर मांडून निवड करा. हिशेबात नवी प्रणाली सरस ठरली आणि ८०डी हातची गेली, तर विमा सोडून देण्याचा विचार मनात आणू नका. वरच्या उदाहरणातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना नव्या प्रणालीत गेल्यामुळे करापोटी ५९,८०० रुपये भरावे लागले नाहीत आणि घरातल्या सहा जणांच्या विम्याचा वर्षाचा हप्ता होता ७० हजार. वाचलेला कर बाजूला काढला असता तर सुमारे दहा हजारांची भर घालून तो हप्ता भरून झाला असता. कर कमी लागला त्या वर्षी तो पैसा मालात किंवा उधारीत जिरू देण्याआधी त्यातून घरच्यांचा मेडिक्लेम भरा. करकायद्यातल्या मर्यादा आणि प्रणाली सरकार बदलत राहील. आजारपणात घर आणि धंदा दोन्ही सावरून धरण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच आहे आणि ती पेलण्याचे साधन त्याच्या आवाक्यात आहे.